चांगला ऑपरेटर सुपरवायझर झाला, आता पुढे?

कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतल्या कुठल्याही मशीनशॉपमध्ये सुपरवायझर कसा निवडला जातो, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असतं. ज्याचा हात साफ, ज्याची सेटिंग पहिल्या जॉबला (म्हणजे पार्टला) बसते, जो ओटीला (ओव्हरटाइमला) नाही म्हणत नाही, त्याला मालक एक दिवस केबिनमध्ये बोलावतो आणि सांगतो, "उद्यापासनं दुसरी पाळी तू बघायची." पगार थोडा वाढतो आणि हाताखाली दहा-बारा माणसं येतात. त्यातला एखादा त्याच्याच गावचा असतो, एखादा नात्यानं चुलता, तर एखादा असा की ज्याच्याकडून तो स्वतः व्हर्निअर धरायला शिकला. मशीन कसं चालवायचं हे त्याला कुणीतरी शेजारी उभं राहून शिकवलेलं असतं. माणसांकडून काम कसं करून घ्यायचं, हे मात्र त्याने आपोआप शिकावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते.

महिन्याभरात तक्रारी सुरू होतात. हा आळशी आहे, तो उलट बोलतो, क्वालिटीवाले मुद्दाम अडवतात, रात्रपाळीचे लोक झोपा काढतात. सगळ्या तक्रारी माणसाच्या स्वभावाच्या. मी बरीच वर्षं याच भागातल्या कारखान्यांत प्रॉडक्शनचं काम बघतो आहे आणि माझं मत आता पक्कं झालंय, की यातल्या बहुतेक भांडणांचं मूळ स्वभावात सापडत नाही. कुणी काय करायचं, कधीपर्यंत करायचं, काम झालं म्हणजे नेमकं काय झालं आणि अडलं तर कुणाला सांगायचं, यातलं काहीतरी बोलायचं राहिलेलं असतं. चाळिशीतल्या माणसाचा स्वभाव बदलणं तुमच्या-माझ्या हातात नाही. राहिलेलं बोलून घेणं मात्र आजच्या पाळीतही जमू शकतं.

चौघांची शेड, बाराजणांची शेड

आपल्याकडचे कितीतरी कारखाने एका पत्र्याच्या शेडमध्ये दोन लेथवर सुरू झाले. तेव्हा कुणाला काही वेगळं सांगावं लागत नव्हतं. मालक गिऱ्हाइकाशी फोनवर बोलायचा, ते शेजारच्या लेथवाल्याच्या कानावर पडायचंच. मग ऑर्डरी वाढल्या, माणसं वाढली आणि "पूर्वी कसं सगळं सुरळीत चालायचं" हे वाक्य ऐकू येऊ लागलं.

यामागे साधं गणित आहे. चार माणसांत दोघादोघांच्या जोड्या होतात 6. आठ माणसांत 28. बारा माणसांत 66. म्हणजे माणसं तिप्पट झाली तर जोड्या अकरापट होतात, आणि प्रत्येक जोडी ही निरोप चुकण्याची एक जागा असते. आयबीएममध्ये मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पाची जबाबदारी सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्ये हाच हिशेब मांडला होता. मागे पडलेल्या प्रकल्पावर ऐन वेळी माणसं वाढवली तर तो आणखी मागे पडतो, असं त्यांचं निरीक्षण. जुन्या माणसांचा वेळ नव्यांना समजावण्यात जातो आणि निरोपांच्या वाटाही वाढतात. डिस्पॅचच्या आदल्या रात्री दुसऱ्या सेक्शनमधून चार हेल्पर आणून उभे केले की काय गोंधळ होतो, हे ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं पटवून द्यायला नको.

तेव्हा माणसं वाढली की निरोप हवेत सोडून चालत नाही. त्यांना ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ द्यावी लागते. एक बोर्ड, एक रजिस्टर, पाळी बदलताना पाच मिनिटं. एवढ्याने 66 वाटा बंद होत नाहीत, पण महत्त्वाचं बोलणं एकाच ठिकाणाहून जायला लागतं.

"समजलं का?" विचारून काही कळत नाही

काम सांगून झाल्यावर आपण सवयीने विचारतो, "समजलं का?" उत्तर येतं, "व्हय साहेब." समजलेला तेच म्हणतो आणि न समजलेलाही तेच म्हणतो, कारण चारचौघांत न्हाई म्हणण्यात कमीपणा वाटतो. त्याऐवजी असं विचारून बघा: "माझं काही सांगायचं राहिलं का बघू. आता तू पहिल्यांदा काय करणार?" यात परीक्षा सांगणाऱ्याची होते, ऐकणाऱ्याची नाही, म्हणून तो मोकळेपणानं बोलतो आणि त्याच्या बोलण्यातून काय पोचलं, काय नाही ते लगेच दिसतं. वैमानिकांना कंट्रोल टॉवरने दिलेली महत्त्वाची सूचना पुन्हा म्हणून दाखवावीच लागते. अनुभवी वैमानिकालाही यातून सूट नाही, आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही.

आता एक साधं वाक्य घ्या: "ते पार्ट साफ करून ठेव." हेल्परच्या मनात याचा अर्थ असतो, हवा मारून चिप्स (धातूचा कीस) उडवायच्या. सुपरवायझरच्या मनात असतं, चिप्स काढायच्या, कडेची बर (कापल्यावर राहिलेली धातूची धार) फाईलने घालवायची, गंजू नये म्हणून तेल लावायचं, ट्रेमध्ये मोजून ठेवायचे आणि टॅग बांधायचा. दोन तासांनी सुपरवायझर येतो, कोरडे पार्ट ढिगात पडलेले बघतो आणि ओरडतो. हेल्परला वाटतं, सांगितलेलं काम केलं तरी शिव्याच खायच्या. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. काम "झालं" म्हणजे काय, हे ठरवायचं राहिलं होतं. तयार झालेला एक ट्रे एकदा नमुना म्हणून समोर ठेवला असता, तर दोन मिनिटांत भागलं असतं.

दुसरी राहून जाणारी गोष्ट म्हणजे अधिकाराची हद्द. काम दिलं, पण त्यात स्वतःच्या बुद्धीने काय ठरवायचं आणि कधी विचारायला यायचं हे सांगितलं नाही, तर माणूस दोनपैकी एक करतो. दर दहा मिनिटांनी विचारायला येतो किंवा हाताबाहेर जाईपर्यंत येतच नाही. कृष्णाकाठच्या माणसाला हे पटकन कळेल. सांगलीत आयर्विन पुलाजवळ नदीची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट. पावसाळ्यात गावभागात जो तो आकडा विचारत असतो, आणि कितीला सामान माळ्यावर चढवायचं, कितीला घर सोडायचं हे बऱ्याच घरांत आधीच ठरलेलं असतं. पाणी दारात आल्यावर कुणी चर्चा करत बसत नाही. 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा 2005 च्या पुराच्या खुणेवर विसंबून घरात थांबलेल्यांची फसगत झाली. म्हणजे आकडा ठरवणं जितकं महत्त्वाचं, तितकंच तो वेळोवेळी तपासणंही.

कामावर हेच असं बोलता येतं: "तीन जॉबपर्यंत रिजेक्शन तू बघ, चौथा गेला की मशीन थांबव आणि मला सांग. मशीन अर्ध्या तासात चालू झालं नाही तर मेंटेनन्सला तूच फोन लाव, माझी वाट बघू नको." आकडे तुमच्या कामाप्रमाणे ठरवा. पण आकडा हवा. "काही झालं तर सांग" या वाक्यातलं "काही" प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं असतं.

पाळी बदलताना

माझ्या मते कारखान्यातली सगळ्यात महागडी पाच मिनिटं ही पाळी बदलतानाची असतात, आणि त्यांच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. म्हणून इथं जरा थांबतो.

समजा सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) एका पार्टला 42 मिलिमीटरचं बोअर, म्हणजे गोल भोक, करायचं आहे. ड्रॉइंगप्रमाणे ते 42.000 ते 42.025 च्या आत बसलं पाहिजे. पहिल्या पाळीत इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, झिजत जातो तसं बोअर लहान यायला लागतं. ऑपरेटर हुशार आहे, तो ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनला दिलेल्या मापाच्या दुरुस्तीत, थोडं थोडं वाढवत माप जागेवर आणतो. पाळी संपेपर्यंत त्याने एकूण 0.04 वाढवलेलं असतं. घंटा होते, तो हात धुऊन बसकडे पळतो. दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर येतो. इन्सर्ट झिजलेला दिसतो, म्हणून नवा लावतो आणि सायकल सुरू करतो. ऑफसेट मात्र तसाच. नव्या इन्सर्टला त्या वाढीव 0.04 ची गरजच नव्हती, त्यामुळे बोअर मोठं व्हायला लागतं. दहा जॉबनंतर प्लग गेज लावलं, तर माप बरोबर असताना आत न जाणारी नो-गोची बाजू सरळ आत. बोअर लहान राहिलं असतं तर पुन्हा कापता आलं असतं. मोठं झालेलं बोअर म्हणजे तो पार्ट भंगारात.

दुसऱ्या दिवशी चौकशी होते. पहिला म्हणतो, इन्सर्ट बदलल्यावर पहिला जॉब तपासायला नको का? दुसरा म्हणतो, ऑफसेट वाढवलाय हे सांगायला नको का? दोघांचंही खरं आहे. सुपरवायझर दोघांनाही मेमो देतो आणि विषय संपवतो. पुढच्या महिन्यात दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या जोडीत तेच घडतं.

टोयोटा कारखान्यातल्या ताईची ओनो यांनी अशा वेळी एकामागोमाग पाच वेळा "का" विचारायची पद्धत रूढ केली. इथं ती लावून बघू. बोअर मोठं का झालं? नव्या इन्सर्टला जुना ऑफसेट लागला. जुना ऑफसेट का राहिला? दुसऱ्या ऑपरेटरला तो माहीत नव्हता. का माहीत नव्हता? दोघांची भेटच झाली नाही. का झाली नाही? घंटेनंतर बस लगेच सुटते. मग रजिस्टरात का लिहिलं नव्हतं? कारण रजिस्टरात फक्त प्रॉडक्शनचा आकडा आणि सहीचा रकाना आहे, ऑफसेट लिहायला जागाच नाही. आता हातात दोन कामं आली: रजिस्टरला एक रकाना वाढवणं आणि बस पाच-दहा मिनिटं उशिरा सोडणं. दोन्ही कामं मेमोपेक्षा स्वस्त आहेत. फक्त एक पथ्य पाळावं लागतं. "का झालं?" विचारायचं, "का केलंस?" नाही. दुसऱ्या प्रश्नाला माणूस बचाव देतो, माहिती देत नाही.

पाळी देता-घेताना बोलणं मशीनपाशी उभं राहून व्हावं, कॅन्टीनच्या दारात नाही. चालू जॉब कुठला, ऑफसेट किती बदलला, काय अर्धवट आहे, कुठला आवाज नेहमीसारखा येत नाही, बाजूला काढलेले जॉब कुठं ठेवलेत, एवढं जाणाऱ्याने सांगायचं. येणाऱ्याने ते थोडक्यात पुन्हा म्हणायचं. आणि या वेळेचे पैसे द्यायचे. कामगाराने फुकट थांबून निरोप द्यावा अशी अपेक्षा ठेवणाऱ्या मालकाला माझं एवढंच सांगणं आहे, की भंगारात गेलेल्या पार्टचा हिशेब आणि या पाच-दहा मिनिटांचा हिशेब एका कागदावर शेजारी-शेजारी मांडा.

हा प्रश्न फक्त भंगाराचा नाही. 6 जुलै 1988 ला स्कॉटलंडजवळच्या उत्तर समुद्रात पायपर अल्फा या तेल-वायूच्या फलाटावर स्फोट झाले आणि 167 माणसं गेली. त्या दिवशी एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढून ठेवला होता आणि ते काम दिवसपाळीत पुरं झालं नव्हतं. रात्रपाळीच्या माणसांपर्यंत ही गोष्ट पोचली नाही. रात्री चालू पंप बंद पडला, तेव्हा त्यांनी हा पंप सुरू करायला घेतला आणि वायू बाहेर पडला. लॉर्ड कलन यांच्या चौकशीनंतर 1990 मध्ये जो अहवाल आला, त्यात कामाच्या परवान्यांच्या आणि पाळी देण्या-घेण्याच्या पद्धतीवर नेमकं बोट ठेवलेलं होतं. काम अर्धवट राहणं रोजचंच आहे. ते अर्धवट आहे हे पुढच्या माणसाला माहीत नसणं, यात जीव जातात. आपल्याकडच्या फौंड्रीत, बॉयलरवर, साखर कारखान्याच्या गळीत हंगामात हे जसंच्या तसं लागू पडतं.

वयाने मोठ्या माणसाला चूक कशी सांगायची

नवीन सुपरवायझरला सगळ्यात जड जातं ते हे. आपल्याकडे हाताखालच्या माणसाला "तात्या", "अण्णा", "मामा" म्हणायची पद्धत आहे आणि ती सोडायची काहीही गरज नाही. मान देऊनही स्पष्ट बोलता येतं. अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या संस्थेची यासाठी एक साधी मांडणी आहे: प्रसंग सांगा, त्यात काय केलं किंवा केलं नाही ते सांगा, आणि त्याचा परिणाम सांगा. माणूस कसा आहे यावर काही बोलू नका.

"तात्या, तुमचं हल्ली कामात लक्ष नसतं" हे वाक्य ऐकून कुठल्याही तात्यांना राग येणारच, कारण यात सुधारण्यासारखं काही हाती लागत नाही. तेच असं बोलून बघा.

"तात्या, चहा झाला का? जरा दोन मिनिटं स्टोअरकडं येता?"

बाजूला आल्यावर: "सोमवारी आणि काल, दोन्ही दिवशी पाळी सुटताना मशीनखालच्या चिप्स तशाच होत्या. पुढच्या पाळीच्या पोराची पहिली वीस मिनिटं त्यातच गेली. काही अडचण झाली का?"

आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं अवघड असतं, पण खरी माहिती तिथूनच येते. तात्या म्हणतील, "आवो, ते फावडं गेलं त्या पलीकडच्या लाइनला. हातानं काढू का चिप्स?" किंवा म्हणतील, "गुडघा धरलाय रं, खाली वाकवत न्हाई." पहिल्याला फावडं लागतं, दुसऱ्याला काम वाटून द्यावं लागतं. दोन्हींत "लक्ष नसतं" हा आरोप खोटा ठरला असता. कधी खरंच टाळाटाळ असते, नाही असं नाही. पण तेव्हाही तारीख आणि परिणाम समोर असले की टाळायला जागा कमी राहते.

चांगलं काम सांगतानाही हीच पद्धत. "छान काम केलंत" याने चेहरा फुलतो, पण नेमकं काय छान होतं ते कळत नाही. "काल तुम्ही स्पिंडलचा आवाज ओळखून मशीन थांबवलंत, म्हणून बेअरिंगवर भागलं" हे त्या माणसाच्या लक्षात राहतं आणि ऐकणाऱ्या पोरांनाही काय करायचं ते कळतं. हे चारचौघांत सांगावं. चूक मात्र एकट्याला गाठून.

काही गोष्टी अशा दोन मिनिटांच्या बोलण्यात मिटवायच्या नसतात. बाईशी गैरवर्तन झाल्याची तक्रार आली तर सुपरवायझरने मध्यस्थी करून "मिटवून" टाकू नये. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते आणि तक्रार तिथंच गेली पाहिजे. गार्ड काढून मशीन चालवणं, दारू पिऊन येणं, यातही आधी काम थांबवायचं, बोलणं नंतर.

चूक लपली की महाग पडते

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषध देण्यातल्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील असा अंदाज होता. निघालं उलटं: ज्या टीमचं आपसांत चांगलं जमत होतं, तिथं चुकांची नोंद जास्त. पुढं खोलात गेल्यावर लक्षात आलं, की तिथली माणसं चुकांबद्दल मोकळेपणानं बोलत होती. बाकीच्या ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या.

कारखान्यात याचा अर्थ सरळ आहे. "शून्य चुका" सांगणाऱ्या पाळीकडे जरा जास्त लक्ष द्या. आणि कुणी येऊन "साहेब, जॉब गेला" म्हणाला, तर तुमच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघतं तेही बघा. "किती झालेत? बाजूला काढलेत ना? मशीन थांबवलंस का?" हे निघालं तर तो पुढच्या वेळीही येईल. "कुणाचा हात लागला?" हे निघालं तर पुढचा जॉब ट्रेच्या तळाशी जाईल आणि गिऱ्हाइकाकडूनच परत येईल. टोयोटाच्या लाइनवर कुठल्याही कामगाराला दोरी ओढून अडचण कळवता येते आणि वेळ पडली तर लाइन थांबते. त्या दोरीची किंमत काहीच नाही. ती ओढणाऱ्यावर कुणी डाफरत नाही, यावर ती सगळी पद्धत उभी आहे.

छाटणी, यात्रा आणि हजेरी

आता खास आपल्याकडची गोष्ट. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडून येणाऱ्या कितीतरी कामगारांची घरी द्राक्षबाग आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. छाटणीनंतर फुलोऱ्याच्या काळात पाऊस झाला की दावण्या या बुरशीच्या रोगाची भीती, आणि मग भल्या पहाटे औषध मारण्यावाचून गत्यंतर नसतं. वर्षाची कमाई वेलीवर टांगलेली असताना तो माणूस पहिल्या पाळीला येणार नाही, आणि खरं सांगायचं तर त्याच्या जागी कुणीही आलं नसतं. तरी दर वर्षी आपण त्याला "न सांगता गैरहजर" लिहितो आणि दर वर्षी चिडतो.

दर ऑक्टोबरला येणारी अडचण अचानक कशी म्हणायची? सप्टेंबरात सगळ्यांना बसवून एक मोठं कॅलेंडर भिंतीवर लावायचं. कुणाची बाग, कुणाच्या गावची यात्रा, कुणाच्या घरी लग्न, ज्याने-त्याने आपल्या हाताने लिहायचं. एका तारखेला चार नावं आली तर तिथल्या तिथं आपसांत ठरवायला सांगायचं. माझा अनुभव असा, की ही तडजोड माणसं सुपरवायझरपेक्षा चांगली करतात, कारण कुणाची अडचण खरी आणि कुणाची नावापुरती हे त्यांना जास्त कळतं. पावसाच्या दिवशीचा नियमही आधीच बोलून ठेवायचा: रात्री दहापर्यंत फोन, दुसऱ्या पाळीतल्या कुणाशी अदलाबदल आणि तिची नोंद. ज्यांची शेती नाही, त्यांच्यावर सगळा भार पडू नये हेही बघावं लागतं. त्यांच्याही घरी आजारी आई असते, पोरांची परीक्षा असते.

यातूनच दुसरी गोष्ट सुचते, माणूस आणि काम यांची जोडी. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळरानावर, कुंडल रोड स्टेशनजवळ, कारखाना आणि वसाहत उभी करायला घेतली. तेव्हा त्यांनी जमवलेल्या माणसांत शाळेत न टिकलेले पण हरहुन्नरी लोक होते, आणि शिक्षा भोगून आलेल्यांवर रखवाली सोपवल्याची हकिकत आजही आपल्या भागात सांगितली जाते. कागदावरच्या पात्रतेपलीकडे माणूस कशात चालेल हे ओळखण्याची ती दृष्टी होती. तुमच्या पाळीत जो माणूस मशीनवर सारखा चुकतो, तोच कदाचित स्टोअरमधली प्रत्येक वस्तू न बघता सांगू शकत असेल. त्याला मेमो देण्याआधी हे एकदा तपासावं.

शेजारचं खातं आणि वरचा साहेब

प्रॉडक्शन, क्वालिटी आणि स्टोअर यांची भांडणं सगळ्यात जुनी. प्रॉडक्शनला नगावर मोजलं जातं, क्वालिटीला गिऱ्हाइकाच्या तक्रारीवर, स्टोअरला शिल्लक मालावर. तिघांनीही आपापलं काम चोख केलं तरी ते भांडणारच. क्वालिटीवाल्याने लॉट अडवला तर तो तुमचा शत्रू आहे असं धरण्याआधी, त्याला साहेब काय विचारतात ते एकदा त्यालाच विचारा. पाळी सुरू होताना बोर्डापुढं उभ्यानेच दहा मिनिटं तिघांनी बोलावं: काल काय अडलं, आज काय अडेल, कुणाची काय मदत लागेल. खुर्च्या ठेवू नयेत, नाहीतर दहाची चाळीस होतात. आणि झाडाझडती तिथं घेऊ नये, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून कुणी खरं बोलणार नाही. व्हॉट्सॲप ग्रुप निरोपाला ठीक आहे, वादाला अजिबात नाही. तिथं लिहिलेला एक शब्द बाराजण बारा सुरांत वाचतात.

वरच्या साहेबांशी बोलताना वेळ हीच खरी गोष्ट. शनिवारचा डिस्पॅच जाणार नाही हे तुम्हाला बुधवारीच कळलेलं असतं. शनिवारी संध्याकाळी सांगितलं तर साहेबांपुढं चिडण्याशिवाय मार्ग राहत नाही. बुधवारी असं सांगितलं तर: "साहेब, कास्टिंग उशिरा आल्यामुळं शनिवारपर्यंत सगळा लॉट होत नाही. अर्धा शनिवारी देतो, राहिलेला मंगळवारी. किंवा रविवारी ओटी दिली तर सोमवारी सगळा जाईल. गिऱ्हाइकाला कुठलं चालेल?" वाईट बातमी तीच, पण आता साहेबांच्या हातात निवडायला काहीतरी आहे. बोलणी बसतील, कदाचित. पण दोन-तीनदा असं झालं की तुमच्या "होईल" या शब्दावर साहेब विसंबायला लागतात.

शेवटी एक करून बघण्यासारखी गोष्ट. पुढच्या वेळी बहिणीच्या लग्नाला, पंढरपूरला किंवा नुसतंच घरी म्हणून दोन-चार दिवस सुट्टी घ्याल, तेव्हा कारखान्यातून आलेला प्रत्येक फोन वहीत लिहून ठेवा. कुणाचा होता, काय विचारलं, तुम्ही काय सांगितलं. परत आल्यावर ती यादी घेऊन बसा. गेज कुठल्या कपाटात आहे असं विचारणारे फोन असतील, तर ती माहिती फक्त तुमच्या डोक्यात आहे. "हे करू का?" असे असतील, तर अधिकाराची हद्द सांगायची राहिली आहे. "ह्यो ऐकत न्हाई" असे असतील, तर तुमच्यामागे पाळी कोण बघणार हे बाकीच्यांना सांगितलेलंच नव्हतं. त्यातले दोन फोन निवडा आणि पुढच्या सुट्टीआधी ते निर्णय कुणाच्या हातात द्यायचे ते ठरवून, त्या माणसाला सगळ्यांसमोर तसं सांगून टाका.